जखमेतली अळी कोणत्या माशीची?

जनावराच्या जखमेत किडे पडले, आसाड्या झाल्या, असे गावोगाव एकाच दमात सांगितले जाते. पण त्या अळ्यांची आई दर वेळी एकच माशी नसते. आपल्याकडच्या जखमांत निदान चार-पाच जातींच्या माश्यांच्या अळ्या सापडतात. त्यांतल्या क्रायसोमिया बेझियाना आणि क्रायसोमिया मेगासेफाला या दोन जाती इतक्या सारख्या दिसतात, की नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याची हमखास गफलत होते. दोन्हींना हिरवी-निळी धातूसारखी झळाळी, दोन्हींचे गाल पिवळे-नारिंगी, दोन्ही घरमाशीपेक्षा अंगाने भरलेल्या. राहणी मात्र अगदी वेगळी. बेझियानाची अळी उष्ण रक्ताच्या जिवंत प्राण्याच्या मांसाखेरीज कुठेही वाढत नाही. मेगासेफालाची अळी मेलेल्या जनावरावर, विष्ठेत, कुजक्या कचऱ्यात आणि वाळत घातलेल्या मासळीत वाढते. जखमेत ती आलीच तर मागाहून, सडलेल्या भागावर येते.

खालापूर तालुक्यात खोपोलीजवळच्या साजगावात हा फरक पुस्तकापुरता राहत नाही. कार्तिकात बोंबल्या विठोबाची यात्रा भरते, तेव्हा एका बाजूला बैलबाजार असतो आणि दुसऱ्या बाजूला सुक्या मासळीची दुकाने लागलेली असतात. एका माशीचे खाद्य पहिल्या ठिकाणी, दुसरीचे दुसऱ्या ठिकाणी. बैलाच्या खांद्यावरच्या जखमेभोवती हिरव्या माश्या घोंगावताना दिसल्या, तर त्या मासळीवरून आलेल्या आहेत की जखमेतच वाढणाऱ्या आहेत, हे ठरल्याशिवाय बंदोबस्त नेमका कशाचा करायचा ते ठरत नाही. मेगासेफाला असेल तर मासळीचा टाकाऊ भाग, उकिरडा, उघड्यावर टाकलेले मेलेले जनावर यांची विल्हेवाट लावली की तिची पैदास घटते. बेझियाना असेल तर उकिरडा कितीही साफ केला तरी तिची एक अळीही कमी होत नाही. तिच्यासाठी प्रत्येक जनावराचे अंग तपासून जखमा शोधाव्या लागतात. ओळखीचा खटाटोप करायचा तो एवढ्यासाठी.

जाणकारांचाही या बाबतीत बराच काळ गोंधळ होता. मेगासेफालाचे वर्णन फॅब्रिशियस यांनी १७९४ मध्येच केले होते. बेझियाना मात्र १९१४ पर्यंत वेगळी जात म्हणून नोंदलीच गेली नव्हती. ते काम व्हिलनव्ह या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने केले आणि इटालियन माशीतज्ज्ञ मारिओ बेझी यांचे नाव तिला दिले. भारतात माणसांच्या आणि जनावरांच्या जखमांत अळ्या घालणारी नेहमीची माशी हीच आहे, हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या डब्ल्यू. एस. पॅटन यांनी १९२० मध्ये मांडले. तोवर जखमेवर बसलेली दिसेल ती हिरवी माशी दोषी धरली जाई. गोठ्यात आजही बहुधा तेच चालते.

पकडलेली माशी आधी कोणत्या गटातली आहे ते पाहावे, जातीकडे नंतर वळावे. अंग राखाडी, पाठीवर तीन काळे उभे पट्टे आणि पोटावर पटाच्या घरांसारखी काळी-पांढरी चौकट असेल, तर ती सार्कोफागा गटातली मांसमाशी. पाठीवर चार पट्टे आणि अंग मळकट असेल तर घरमाशी किंवा तिच्या नात्यातली. धातूसारखी झळाळी असेल तर ल्युसिलिया किंवा क्रायसोमिया यांपैकी एक. या दोघींतला फरक चेहऱ्यावर दिसतो. ल्युसिलियाचा चेहरा रुपेरी-पांढरट असतो, क्रायसोमियाचे गाल पिवळे ते नारिंगी असतात. तेवढ्यावर विसंबायचे नसेल तर पंखाचे मूळ पाहावे. पंखाच्या पुढच्या कडेची जाड शीर जिथून निघते, तिथल्या आखूड देठावर वरच्या बाजूने बारीक केसांची ओळ असेल तर क्रायसोमिया. देठ गुळगुळीत असेल तर ल्युसिलिया. हे केस पाहायला निदान दहा पटींचे भिंग लागते आणि माशी तिरप्या उजेडात धरावी लागते. सरळ वरून प्रकाश पडला तर केस दिसतच नाहीत. ल्युसिलिया ठरली आणि पुढे जायचे असेल तर पुढच्या पायाची मांडी पाहावी. ल्युसिलिया क्युप्रिनात ती हिरवी चमकते, सेरिकाटात काळपट-निळी असते.

क्रायसोमिया ठरली की माशीच्या अंगावरच्या चार जागा पाहायच्या. रंगाची छटा या चार जागांत धरलेली नाही, कारण एकाच जातीच्या माश्या हिरव्यापासून जांभळटापर्यंत दिसतात आणि अल्कोहोलमध्ये ठेवल्यावर आणखी बदलतात.

पहिली जागा छातीच्या बाजूचे पुढचे श्वासरंध्र. डोक्यामागे, पुढच्या पायाच्या मुळाच्या वर हे लांबट छिद्र असते आणि त्यावर केसांची झालर असते. ही झालर पांढरी किंवा फिकट असेल तर माशी क्रायसोमिया रुफिफेसीस असण्याचा संभव मोठा. बेझियाना आणि मेगासेफाला दोन्हींत ती गडद असते. म्हणजे या जागेवरून तिसरी बहीण बाजूला होते, पण मूळ जोडी सुटत नाही.

ती सुटते दुसऱ्या जागी, पंखाच्या बुडाशी. तिथे एकावर एक अशा दोन पातळ पाळ्या असतात. त्यांतली खालची, मोठी पाळी पाहावी. बेझियानात ती मेणासारखी पांढरी असते, मेगासेफालात धुरकट ते काळपट-तपकिरी. प्रौढ माशीवर या जोडीला वेगळे करणारी सगळ्यात सोपी खूण हीच. एक अट मात्र आहे. कोषातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माशीचा रंग भरलेला नसतो, तिची पाळी कोणत्याही जातीत फिकटच दिसते. म्हणून घरी कोषातून काढलेली माशी निदान एक दिवस जिवंत ठेवून मगच तपासावी.

तिसरी जागा नराचे डोळे. मेगासेफालाच्या नरात डोळ्याच्या वरच्या भागातले कण ठळकपणे मोठे असतात, खालचे बारीक असतात आणि दोन्हींच्या मधली सीमा रेघ ओढल्यासारखी स्पष्ट दिसते. बेझियानाच्या नरातही वरचे कण मोठे असतात, पण ते हळूहळू लहान होत जातात. अशी रेघ दिसत नाही. चौथी जागा मादीचे कपाळ, म्हणजे दोन डोळ्यांमधली पट्टी. बेझियानाच्या मादीत या पट्टीच्या दोन्ही कडा जवळपास समांतर जातात, मेगासेफालात पट्टी मध्यावर रुंदावते. नर-मादी ओळखणे अवघड नाही: नराचे डोळे डोक्याच्या माथ्यावर एकमेकांना जवळजवळ भिडलेले असतात, मादीचे सुटे असतात.

या चारही खुणा पक्क्या आहेत, तरी गोठ्यात त्यांचा उपयोग वाटतो त्याहून कमी होतो. बेझियानाची मादी जखमेवर अंडी घालण्यापुरती येते आणि निघून जाते. जखमेवर दिवसभर बसून राहणाऱ्या माश्या बहुतेक मेगासेफाला किंवा दुसऱ्या जातींच्या असतात. जाळीने पकडलेल्या माशीवरून जखमेचे निदान केले तर ते चुकण्याचीच शक्यता जास्त. निदान करायचे ते अळीवरून, आणि तीही योग्य ठिकाणाहून घेतलेल्या अळीवरून.

योग्य ठिकाण म्हणजे जखमेचा तळ. बेझियानाच्या अळ्या डोके आत खुपसून एकमेकींना चिकटून उभ्या असतात. त्यांची शेपटाकडची श्वासछिद्रे तेवढी वर दिसतात आणि बोट लावताच त्या आणखी आत जातात. त्यांनी केलेल्या पोकळीत मांस सडू लागले, की वरच्या थरात दुसऱ्या माश्या अंडी घालतात. त्यामुळे वरवरच्या अळ्या चिमट्याने उचलून बाटलीत भरल्या, तर प्रयोगशाळेकडून मेगासेफाला किंवा सार्कोफागा असे उत्तर येते आणि खरी अपराधी तळाशीच राहते. नमुना घेताना वरच्या आणि खालच्या अळ्या वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवाव्यात. प्रत्येक थरातून लहान-मोठ्या मिळून आठ-दहा अळ्या पुरेशा होतात. मोठ्या अळ्या मुद्दाम घ्याव्यात, कारण ओळखीच्या खुणा पूर्ण वाढलेल्या अळीतच नीट उमटतात. जखमेत टर्पेंटाइन किंवा दुसरे औषध घालण्याआधी नमुना घ्यावा. अर्थात उपचार ओळखीसाठी खोळंबून ठेवायचा नाही. अळी कोणत्याही जातीची असली तरी ती काढलीच पाहिजे, आणि ते काम पशुवैद्याने करावे हे उत्तम.

जखम शोधायची कुठे, याचीही थोडी जाण हवी. बेझियानाला अंडी घालायला मोठी जखम लागत नाही. गोचीड चावलेली जागा, वेसणीने सोललेली नाकपुडी, जुवाने घासलेला खांदा, पत्री ठोकताना दुखावलेला खूर, मोडलेले शिंग, नुकत्याच जन्मलेल्या वासराची ओली नाळ, व्यायलेल्या गाईचा योनिमार्ग, खच्चीकरणाची जखम, लाळ्या-खुरकुतात फाटलेली खुरांमधली कातडी यांपैकी काहीही तिला पुरते. मादी जखमेच्या कोरड्या कडेला शंभर ते अडीचशे अंडी एकत्र चिकटवते. ती साधारण १२ ते २० तासांत फुटतात. अळ्या सहा-सात दिवस मांस खातात, मग जखमेतून बाहेर पडून मातीत शिरतात आणि कोषात जातात. उष्ण हवेत आठवडाभराने कोषातून माशी निघते.

बाहेर काढलेल्या अळ्या तशाच जिवंत अल्कोहोलमध्ये टाकू नयेत. त्या आक्रसतात, काळ्या पडतात आणि शेपटाकडचा भाग आत ओढला जातो. नेमका तोच भाग पाहायचा असतो. उकळी येऊन उतरवलेल्या पाण्यात त्यांना अर्धा मिनिट बुडवावे. त्या लांब, ताठ आणि पांढऱ्या राहतात. मग ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात. फॉर्मलिन वापरू नये. त्याने अळी टणक होते आणि पुढे कातडी साफ करणे जवळपास अशक्य होते. बाटलीत कागदाची चिठ्ठी टाकावी, तीही पेन्सिलीने लिहिलेली, कारण पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. तारीख, गाव, जनावर, जखमेची जागा आणि अळी वरच्या थरातली की तळाची, एवढे त्यावर हवे. जनावर बाजारातून आणलेले असेल तर कुठून आणले तेही लिहावे. साजगावच्या बाजारातल्या बैलाला जखम कुठे झाली आणि अंडी कुठे पडली, याचा माग या एका ओळीवरूनच लागू शकतो.

आता अळी भिंगाखाली. तिला पाय नसतात, डोके पुढे निमुळते होते आणि शेपटाकडचा भाग बोथट कापल्यासारखा असतो. अंगभर मांसल, टोकदार गोळे असतील तर ती रुफिफेसीस. तिला केसाळ अळी म्हणतात आणि ती दुसऱ्या अळ्यांना खाते. ही ओळख नुसत्या डोळ्यांनीही होते. अंग गुळगुळीत असेल तर शेपटाचा सपाट भाग समोर धरावा. तिथे दोन तपकिरी चकत्या दिसतात. या म्हणजे अळीच्या मागच्या श्वासछिद्रांच्या चकत्या. प्रत्येक चकतीत चिरा किती ते आधी मोजावे. दोन चिरा असतील तर अळी दुसऱ्या अवस्थेतली आहे, तिच्यावरून जात ठरवण्याची घाई करू नये. तीन चिरा असतील तर ती तिसऱ्या, शेवटच्या अवस्थेतली. हीच कामाची.

दोन्ही चकत्या खोल खड्ड्यात बुडालेल्या असतील आणि खड्ड्याच्या कडेने मांसल उंचवटे असतील तर ती सार्कोफागा. चकत्या वर असतील तर प्रत्येकीभोवतीचे काळे कडे पाहावे. कडे पूर्ण बंद आणि चिरा सरळ असतील तर ल्युसिलिया. चिरा नागमोडी असतील तर घरमाशीच्या कुळातली. चिरा सरळ आणि कडे खालच्या आतल्या बाजूला तुटलेले असेल तर क्रायसोमिया. हे तुटलेपण नीट पाहावे लागते, कारण कोवळ्या अळीत कडे फिकट असते आणि बंद कडेही उघडे भासते.

बेझियाना की मेगासेफाला, हा प्रश्न शेपटावर सुटत नाही. तो सुटतो पुढच्या टोकाला. डोक्यानंतरच्या पहिल्या वलयाच्या मागच्या कडेला दोन्ही बाजूंना एकेक पुढचे श्वासछिद्र असते. ते पंज्यासारखे उघडलेले असते आणि त्याची बोटे मोजायची असतात. बेझियानात ही बोटे थोडी, बहुधा चार ते सहा. मेगासेफालात ती दहाच्या वर, साधारण अकरा ते तेरा. दोन्ही आकड्यांत एवढे अंतर आहे की मोजणीत एखाद्या बोटाची चूक झाली तरी निदान बदलत नाही. हाताशी वेळ थोडा असेल तर बाकी सगळे सोडून ही एक मोजणी करावी. दोन्ही बाजूंची बोटे मोजावीत, कारण एका बाजूचे छिद्र पुष्कळदा घडीत दबलेले असते. जोडीला वलयांवरच्या काट्यांचे पट्टे पाहावेत. बेझियानात ते रुंद, गडद आणि काटे जाड, मागे वळलेले असतात. याच काट्यांनी ती मांसात घट्ट रुतून बसते आणि चिमट्याने ओढली तरी सहजी निघत नाही. मेगासेफालाचे काटे बारीक असतात. पण काटे जाड की बारीक हे पाहणाऱ्याच्या सवयीवर अवलंबून राहते. बोटांचा आकडा तसा राहत नाही.

नुसत्या भिंगाने बोटे मोजता आली नाहीत तर काचपट्टी करावी. धारदार पात्याने अळीचे पुढचे दोन-तीन वलयांचे टोक आणि शेपटाची सपाट चकती वेगळी कापावी. दहा टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ती रात्रभर ठेवली की आतले मांस विरघळते आणि कातडी पारदर्शक होते. पाण्यात धुऊन, चढत्या टक्केवारीच्या अल्कोहोलमधून काढून, लवंगेच्या तेलात निथळून कॅनडा बाल्समखाली बसवावी. पुढचे टोक आडवे आणि चकती सपाट बसवली तर दोन्ही खुणा एकाच पट्टीवर कायमच्या राहतात. कॉस्टिक पोटॅश कातडी जाळते. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे काम करावे आणि ते महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करावे, घरी नव्हे.

अळी फारच लहान असेल किंवा शंका उरलीच तर काही अळ्या वाढवून माशी काढण्याचा मार्ग उरतो. पूर्ण वाढून जखमेतून आपण होऊन गळणाऱ्या अळ्या बरणीत थोड्या ओलसर वाळूवर ठेवाव्यात आणि तिच्या तोंडाला दुहेरी मलमलीचे कापड घट्ट बांधावे. आठवडा-दहा दिवसांत माश्या निघतात. या काळात बरणी उघडी राहिली तर ज्या माशीचा शोध चालला आहे तीच गोठ्यात सोडल्यासारखे होते. तपासणी झाली की बरणी फ्रीझरमध्ये ठेवून उरलेल्या माश्या माराव्यात. जिवंत अळ्या टपालाने कुठेही पाठवू नयेत.

जगाच्या दुसऱ्या टोकाला अमेरिका खंडात बेझियानाचेच काम करणारी कोक्लिओमिया होमिनिव्होरॅक्स नावाची माशी आहे. तिच्या पाठीवर तीन ठळक गडद पट्टे असतात, बेझियानाच्या पाठीवर तसे नसतात. आयात केलेल्या जनावरांबरोबर ती १९८८ मध्ये लीबियात पोचल्याचे उघड झाले आणि तिचा नायनाट करायला प्रयोगशाळेत वाढवलेल्या वांझ माश्या विमानातून सोडाव्या लागल्या. या दोन्ही माश्यांमुळे होणारा उपद्रव जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या सूचिबद्ध रोगांत आहे.

बेझियाना ठरल्यावर त्या जनावराची जखम रोज तपासावी, औषध चालू ठेवावे आणि त्याच गोठ्यातल्या बाकीच्या जनावरांचे खांदे, खूर, नाक, शेपटाखालचा भाग आणि वासरांची नाळ पाहावी. जखमेतून काढलेल्या अळ्या गोठ्याच्या मातीत टाकू नयेत. त्या तिथेच कोषात जातात. उकळत्या पाण्यात मारून मग खोल पुराव्यात. यात्रेत बैल विकत घेणाऱ्याने पैसे देण्याआधी वेसण हलवून नाकपुडी आणि जू बसते तो खांदा हाताने चाचपून पाहावा. त्या जागेला कुजका वास येत असेल किंवा रक्तमिश्रित पाणी झिरपत असेल तर आत अळ्या असण्याची शक्यता मोठी. मेगासेफाला ठरल्यावर जखम तर धुवायचीच, पण शोध घ्यायचा तो कोंबड्यांच्या आतड्यांचा, टाकलेल्या मासळीचा आणि उघड्या विष्ठेचा. मासळी विकणाऱ्यांनी ती जाळीखाली वाळवली आणि ओली राहू दिली नाही तर या माशीची तिथली पैदास थांबते.

नमुने तपासून घेण्यासाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पुण्यात औंधला असलेल्या रोग अन्वेषण विभागाकडे किंवा परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या परजीवीशास्त्र विभागाकडे जाता येते. हे महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे. बाटली पाठवताना तळातली अळी वेगळी ठेवलेली असावी आणि चिठ्ठी पेन्सिलीने लिहिलेली असावी, एवढी काळजी गावातल्या माणसाने घेतली तर बाकीचे काम तज्ज्ञाला अवघड जात नाही.